तो सारखाच आहे, मग माझ्या माणसाला का नाही?

पत्र ऐरोलीहून आलंय, जरा कमी करून इथे देते.

"ताई, जय ख्रिस्त. माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीत फिटर होते. साडेतीन वर्षं डायलिसिस चाललं, आठवड्यातून तीन वेळा, आणि गेल्या जुलैत ते गेले. आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या एक काकू पहिल्यापासून म्हणायच्या की येशू काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे, तेव्हा आंधळ्याला डोळे दिले मग आज किडनी बरी करायला त्याला काय अवघड, फक्त विश्वास धरा. मिस्टर गेल्यावर महिन्याभराने त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, तो तर बदलत नाही ना, म्हणजे कमी तुमच्याच बाजूने पडली असणार. तेच वचन आमच्या फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर छापलंय, मी ते भिंतीकडे तोंड करून लावलंय. मुलगा १५ वर्षांचा आहे, तो म्हणतो जो बदलत नाही तो दगड, दगडाशी काय बोलायचं, आणि त्याने चर्चला यायचं बंद केलंय. मला त्याला उत्तर देता येत नाही. झोपेत अजून माझं बोट त्यांच्या हातातल्या फिस्टुलावर, डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेवर, जातं आणि तिथे कोणी नसतं. न बदलणारा म्हणजे नक्की काय हो?"

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र दोन दिवस आमच्या ओट्यावर होतं, येता जाता वाचत होते. मी २८ वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली, शेवटची काही वर्षं डायलिसिस युनिटला, त्यामुळे तुम्ही जे लिहिलं नाही तेही मला दिसलं. पाणी ग्लासाने मोजून देणं, मे महिन्यात तहान तहान करणाऱ्या माणसाच्या तोंडात बर्फाचा एक खडा ठेवणं, पोटॅशियम वाढू नये म्हणून भाजी उकळून पाणी फेकून परत शिजवणं, बटाट्याला आणि टोमॅटोला घाबरून राहणं, आणि हे सगळं करून मुलाचा डबा वेळेवर भरणं. साडेतीन वर्षं. तुम्ही कमी पडलात असं जिला वाटतं तिने हे एक आठवडा करून बघायला पाहिजे होतं.

आधी काकूंचं वाक्यच बाहेर काढू, कारण काटा आत असेपर्यंत वर कितीही मलम लावलं तरी काय उपयोग.

हे वचन बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं, १३ वा अध्याय, ८ वं वचन. कॅलेंडरवर ते एकटंच असतं, पाठीमागे सूर्योदय नाहीतर गुलाब. पत्रात मात्र त्याच्या लगेच आधी ७ वं वचन आहे आणि त्यात सांगितलंय की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते डोळ्यापुढे आणा आणि त्यांच्यासारखा विश्वास धरा. म्हणजे ती माणसं गेलेली होती. आणि ज्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, हे पत्र लिहिलं ती काही सुखात असलेली मंडळी नव्हती, १० व्या अध्यायात आहे बघा, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, लोकांसमोर अपमान झाले होते, जवळची माणसं तुरुंगात पडली होती. शिकवणारे एकेक करून गेले, मागे राहिलेल्यांना वाटत असणार की आता आपलं कोण, आणि अशा लोकांना सांगितलं की ज्याच्या भरवशावर ती माणसं जगली आणि ज्याच्या भरवशावर ती मेली तो येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे. हे वचन मुळात माणूस गमावलेल्यांसाठी लिहिलंय ताई, तुमच्यासारख्यांसाठी, आणि तेच उचलून तुम्हाला मारलं गेलं याचा मला फार राग आला, लपवत नाही.

आता तिथूनच दोन अध्याय मागे या. ११ वा अध्याय, विश्वासाचा अध्याय म्हणतो आपण, संडे स्कूलमध्ये सगळ्यांना पाठ असतो, पण पाठ असतो तो अब्राहाम आणि मोशेपर्यंतचा. शेवटचा भाग वाचा. ३४ व्या वचनात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले. ३७ व्या वचनात काही जण तलवारीने मारले गेले. मध्ये फक्त दोन वचनं. आणि ३५ व्यात तर, तुम्हाला हे वाचताना त्रास होईल हे माहीत असून सांगते, स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं जिवंत परत मिळाली असं आहे, आणि त्याच वचनात पुढे "इतर" म्हणून एक शब्द येतो, आणि तिथून पुढे छळ, फटके, बेड्या, दगडमार, रानोमाळ भटकणं. आणि शेवटी ३९ व्यात काय म्हटलंय, तर या सगळ्यांविषयी त्यांच्या विश्वासामुळे चांगली साक्ष दिली गेली. सगळ्यांविषयी. वाचलेल्यांचा विश्वास जास्त आणि मेलेल्यांचा कमी असा हिशोब लेखक कुठेच करत नाही. मग काकूंनी तो कुठून काढला?

खरं सांगायचं तर तो मीही एकदा काढलाय. नर्सिंग संपवून नवीन लागले होते, एका लहान मुलीच्या आईला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की येशू आजही बरं करतो, तुम्ही विश्वास धरा, पोरगी घरी जाणार. पोरगी पहाटे गेली. त्या आईने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं, रागाने नाही बघितलं, ओशाळून बघितलं, जसं काही तिनेच माझं वचन पडू दिलं. त्यानंतर मी कोणाच्या उशाशी हे वाक्य त्या अर्थाने बोलले नाही.

प्रेषितांची कृत्ये १२ वा अध्याय घ्या. हेरोद राजाने येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब, याला तलवारीने मारलं, आणि त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. मंडळी तीच, प्रभू तोच. आणि एवढं लांब यरुशलेमला कशाला जायचं, आपल्या ठाण्यात बघा ना, एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले, टोलेन्टिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डेनस नावाचा डॉमिनिकन पंथाचा संन्यासी तेव्हा सोपाऱ्याला गेला होता, आजचं नालासोपारा, म्हणून तो वाचला, आणि त्यानेच नंतर त्या चौघांना सोपाऱ्यात पुरलं. मला हे माहीत झाल्यापासून तलावपाळीवरून जाताना दर वेळी तो पाचवा माणूस आठवतो, जो फक्त त्या दिवशी गावात नव्हता म्हणून जिवंत राहिला आणि ज्याच्या हातांना ती माती लागली. त्याचा विश्वास चौघांपेक्षा जास्त होता असं कोण म्हणेल?

बरं, आता तुमचा खरा प्रश्न, न बदलणारा म्हणजे काय.

ही गोष्ट मंडळीने फार भांडून ठरवलीये. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाला अरिअस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, एके काळी नव्हता, आणि निर्माण केलेला असल्यामुळे तो स्वभावाने बदलू शकतो. सन ३२५ मध्ये निकीयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप लोकांची सभा बसली आणि तिथल्या मतांगीकाराच्या, म्हणजे विश्वासाच्या कबुलीच्या, शेवटी चक्क लिहिलं की जे कोणी पुत्राला बदलणारा म्हणतात त्यांना मंडळी नाकारते. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली. आपल्याला वाटेल एवढा शब्दाचा कीस कशाला, पण त्यांचं म्हणणं साधं होतं, जो तुला तारतोय तोच जर उद्या वेगळा होऊ शकत असेल, त्याचं मन फिरू शकत असेल, तर आज त्याने दिलेल्या शब्दाला धरून मरायचं कसं? बदलत नाही म्हणजे तो कोण आहे ते बदलत नाही, त्याचा आपल्याविषयीचा हेतू बदलत नाही, दिलेला शब्द मागे घेत नाही. तुमच्या मिस्टरांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्यांच्याकडे ज्या नजरेने तो बघत होता त्याच नजरेने शेवटच्या रात्री बघत होता, रक्तात किडनीने काढायचं ते क्रिएटिनिन वाढलं म्हणून त्या नजरेत काही कमी झालं नाही, तुम्ही थकून एखाद्या रात्री प्रार्थना न करता झोपलात म्हणूनही नाही.

पण मुलगा म्हणतो दगड. त्याचा प्रश्न हलका घेऊ नका, मोठमोठी माणसं त्याच दगडाला अडखळलीत. लूक २:५२ म्हणतं की येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला, म्हणजे बाळाचा मुलगा झाला, मुलाचा माणूस झाला, सुतारकाम शिकला, विहिरीवर दमून बसला, होडीत झोपला. हे बदलणं नाही का? यावर ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या सभेने जे उत्तर दिलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तो एकच आहे पण स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा, आणि हे दोन एकमेकांत मिसळून तिसरंच काही झालेलं नाही, एकाचा दुसरा झालेला नाही, त्यांची वाटणी होत नाही आणि ते वेगळे काढता येत नाहीत. देव असणं त्याने सोडलं नाही, माणूस होणं त्याने वरून घेतलं, आणि घेतलं ते खरं घेतलं, भूक, झोप, घाम, रडू सगळ्यासकट.

आणि जी गोष्ट आपल्याकडे फार कमी शिकवतात ती ही, की ते घेतलेलं त्याने परत टाकून दिलं नाही. आपल्याला उगाच वाटतं की तेहतीस एक वर्षं माणूस होऊन राहिला आणि मग वर जाऊन पूर्वीसारखा झाला. नाही हो. ख्रिस्ती विश्वास असा आहे की तो आजही माणूस आहे. पुनरुत्थानानंतर, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो म्हणाला तुझं बोट इकडे कर आणि माझे हात बघ. मरण जिंकून आलेल्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्याला त्या पुसता आल्या नसत्या का? ठेवल्या.

ताई, तुम्ही फिस्टुलाचं लिहिलंत म्हणून हे लिहायचं धाडस करते. मला माहितीये तो हात कसा दिसतो, सुया टोचून टोचून आलेल्या गाठी, त्यावर चिकटपट्टीचे डाग, फुगलेली शीर, आणि बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरतं तशी थरथर, ती लागली की आपल्याला बरं वाटतं की लाइन चालू आहे. घरातल्या बायका दिवसातून दहा वेळा तिथे बोट ठेवून बघतात, आम्ही नर्सच शिकवतो त्यांना. तुम्ही साडेतीन वर्षं एका जखमेवर बोट ठेवून प्रेम केलंत. थोमाची गोष्ट तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. जो सारखाच आहे तो या अशा हातांचा सारखाच आहे. मुलाला सांगा, दगडाला व्रण राहत नाहीत.

मग तो सारखाच आहे तर सगळ्यांना सारखंच का करत नाही? इथे मला योहान ११ फार जवळचा वाटतो. लाजार मेलाय, मार्था पुढे येते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दाला शब्द तेच बोलते. एकच घर, एकच दुःख, वाक्यही एकच. मार्थाशी तो बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे म्हणतो. मरीयेला एकही उत्तर देत नाही, तिला रडताना बघून कळवळतो, कबर कुठे आहे एवढंच विचारतो आणि रडतो. दोघींवर प्रेम सारखंच होतं हे त्याच अध्यायात लिहिलंय, पण दोघींना दिलं ते वेगळं. आणि हे पण विसरू नका की निरोप मिळाल्यावर तो दोन दिवस होता तिथेच थांबला, आणि त्या दोघी बहिणींनी ते त्याला तोंडावर सुनावलं आणि तो त्यांच्यावर चिडला नाही. आमच्या हॉस्पिटलमध्येच बघा ना, डॉक्टर जुलाबाने कोरड पडलेल्या पेशंटला नारळपाणी द्या म्हणायचे आणि डायलिसिसवाल्याला थेंबभर सुद्धा नाही, डॉक्टर तेच, काळजी तीच. पण हे उदाहरण मी इथेच थांबवते, कारण तुमच्या मिस्टरांचं जाणं हे कुठलं औषध होतं असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकूनही घेऊ नका. त्यांना का नाही, याचं उत्तर बायबल देत नाही, सगळं गमावलेल्या ईयोबालाही दिलं नाही.

अजून एक. प्रार्थना ऐकली गेली नाही म्हणजे विश्वास कमी, हे ज्याला लावायचं असेल त्याने आधी गेथशेमाने बागेत, येशूला पकडलं त्या रात्री, लावून बघावं. तिथे येशूने स्वतः मागितलं की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळू दे. टळला नाही. याच इब्री पत्रात ५:७ ला आहे की त्याने मोठ्याने आक्रोश करून, अश्रू गाळून, मरणातून वाचवू शकणाऱ्याकडे विनवणी केली, आणि त्याचं ऐकलं गेलं. ऐकलं गेलं, आणि तरीही वधस्तंभ झाला. त्यामुळे ऐकणं म्हणजे मागितलेलं हातात पडणं एवढंच नसतं, आणि तुमच्या साडेतीन वर्षांच्या प्रार्थना कुठे हवेत गेल्या असं मला वाटत नाही. ७:२५ म्हणतं की तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. मग न बदलणाऱ्याशी बोलून उपयोग काय, हे मुलाचं विचारणं बरोबर आहे, पण ज्याचा मूड रोज वेगळा असतो अशा माणसाशी आपण मोकळं बोलतो का? ज्याच्यासमोर काहीही बोललं तरी तो आपला राहणार त्याच्याशीच आपण भांडतो. मुलाला भांडू द्या. बायबलमधल्या कितीतरी स्तोत्रांमध्ये तेच चाललेलं असतं.

मराठीत एक गंमत आहे, मूळ ग्रीक शब्दात ती नाही, तिथे फक्त तोच असा अर्थ आहे, पण आपण घरात बोलताना सारखा म्हणजे सतत असंही म्हणतो ना, सारखा उशाशी बसून असतो, सारखा विचारत असतो. लहानपणी मला ते वचन तसंच कळायचं, की येशू सारखाच आहे, उठत नाही, जात नाही. आता खरा अर्थ माहीत आहे तरी रात्री दिवा बंद करताना तो लहानपणचाच आठवतो.

आता काय करायचं ते. काकूंशी वाद घालू नका, तुमच्यात आत्ता ती ताकद नाहीये आणि गरज पण नाही. पाळकसाहेबांकडे जा, काकू जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगा, त्यांनी त्यांच्याशी बोलणं हे त्यांचं काम आहे. काकू परत आल्या तर चहा द्या आणि एवढंच म्हणा की मला इब्री ११:३५ पासून पुढे वाचून दाखवा. प्रार्थना ग्रुपला काही महिने गेला नाहीत तर काही बिघडत नाही, रविवारी मागच्या बाकावर नुसतं बसून आलात तरी उपासना झाली. मिस्टरांना डायलिसिसला नेलं, गोळ्या दिल्या, म्हणून विश्वास कमी दिसला असंही कोणी डोक्यात भरवलं असेल तर लूक स्वतः वैद्य होता एवढं लक्षात ठेवा. झोप अशीच मोडत राहिली, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा, दुःखाला पण औषध लागतं कधी कधी आणि त्यात लाज कसली.

कॅलेंडर उलटं आहे ते राहू दे. तुम्हाला वाटेल तेव्हा सरळ करा, नाही वाटलं तर डिसेंबरात ते तसंही उतरणारच आहे.

मुलाला चर्चला चल म्हणून मागे लागू नका. एखाद्या संध्याकाळी दोघं जेवून बसलात की इब्री ११ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, ३२ पासून शेवटपर्यंत, आणि "इतर" हा शब्द आला की थांबायला सांगा, आणि त्याला म्हणा की बाबा इथे आहेत. मग तो काय बोलतो ते मला लिहून पाठवा, रागाने बोलला तरी जसंच्या तसं पाठवा, त्याला मी वेगळं पत्र लिहीन.